अंदाजाचा रकाना

दसऱ्याच्या सुमाराला साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो. अग्निप्रदीपनाची पूजा होते, नारळ फुटतो, चिमणीतून धूर निघतो आणि आसपासच्या गावांना कळतं की हंगाम आला. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडते. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात ते या दोन प्रसंगांचे. पण कारखान्याचा खरा हंगाम त्याच्या कितीतरी आधी, शेती विभागाच्या खोलीत सुरू झालेला असतो. गटागटाच्या नोंदवह्या उघडून तिथली माणसं एकाच प्रश्नाला भिडलेली असतात : यंदा आपल्या हद्दीत ऊस किती निघेल?

बाकीचं सगळं या एका आकड्याला बांधलेलं असतं. तोडणीला टोळ्या किती लागतील, मुकादमांना उचल किती द्यायची, बँकेकडून किती कर्ज काढायचं, इथेनॉल किती लिटर देऊ म्हणून सांगायचं, धुराडं कधी बंद करायचं. रोज ५ हजार टन गाळणारा कारखाना दीडशे दिवस चालला तर साडेसात लाख टन ऊस लागतो. अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर ७५ हजार टनांचा, म्हणजे पंधरा दिवसांच्या गाळपाचा फरक पडतो. ऊस कमी भरला तर टोळ्या बसून राहतात आणि दिलेली उचल अंगावर येते. जास्त निघाला तर तो शेतात उभा राहतो.

अलीकडे हा आकडा काढायच्या कामात उपग्रह, संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मी या विषयाच्या मागे लागलो त्याला घरचं कारण आहे.

मे महिन्यातला ऊस

२०२१ च्या जानेवारीत माझ्या चुलत्यांनी मराठवाड्यातल्या आमच्या रानात दोन एकर सुरू हंगामाचा ऊस लावला. लागणीची नोंद वेळेवर दिली. हिशेबाने पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत तो तुटायला हवा होता. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. काका रोज सकाळी कारखान्याच्या तोडीचा कार्यक्रम पाहणाऱ्या चिटबॉयच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि तो बिचारा एकच सांगायचा, “प्रोग्राम आला की पहिली टोळी तुमच्याकडंच.” एप्रिलच्या उन्हात उसाला दशी पडली, वाढे वाळून गेले. टोळी आली ती मे संपता संपता. खुशालीचे वरकड पैसे दिल्याशिवाय कोयता लागेना, ते दिले. ट्रॅक्टरवाल्याची एंट्री दिली. एकरी चाळीस टनांची आशा होती, सत्तावीस भरले. खोडवा, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, ठेवायची वेळ केव्हाच निघून गेली होती. काकांनी रान नांगरून टाकलं आणि त्या साली पुन्हा ऊस लावला नाही.

त्या कारखान्याचं नाव इथे घेत नाही, कारण ही गत त्याच्या एकट्याची नव्हती. २०२१-२२ च्या हंगामाआधी राज्यात ११२ लाख टन साखर होईल असा अंदाज होता. झाली १३७ लाख टन. ऊस सुमारे १,०९६ लाख टन धरला होता, गाळावा लागला १,३२० लाख टन. धुराडी जूनच्या मध्यापर्यंत पेटती राहिली. शिल्लक ऊस लांबच्या कारखान्यांनी न्यावा म्हणून सरकारला वाहतुकीचं अनुदान द्यावं लागलं आणि १ मेनंतरच्या उसासाठी उताऱ्यातल्या, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणातल्या, घटीपोटी टनाला २०० रुपये जाहीर करावे लागले.

एखाद्या वर्षी चुकतं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढची वर्षं पाहा. २०२२-२३ ला १३८ लाख टनांचा अंदाज बांधला; वाढीच्या दिवसांत पाऊस हटला नाही, खोडव्याचं क्षेत्र जास्त होतं, आणि गाडं १०५ लाखांवर थांबलं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, म्हणून २०२३-२४ चं उत्पादन ९० लाख टनांच्या आत राहील असं सगळ्यांनी धरलं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस पडला, ऊस सावरला आणि साखर ११० लाख टन झाली. २०२४-२५ ला ९० लाखांहून वर धरलेला आकडा ८० लाखांच्या आसपास आला. एकदा खाली, एकदा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. पहिल्या तीन हंगामांत तर चूक वीस टक्क्यांच्याही पुढची.

हे आकडे कागदावर राहत नाहीत. महाराष्ट्र आणि कर्नाटकात साखर घटणार या धास्तीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या, त्यांचे ऐन हंगामात हात बांधले गेले. आठवडाभरातच १७ लाख टन साखरेइतकी सूट द्यावी लागली. वर्ष संपलं तेव्हा महाराष्ट्रात धास्तीच्या आकड्यापेक्षा वीस लाख टनांहून जास्त साखर तयार झालेली होती.

दहा फुटांतले ऊस

शेतात अंदाज कसा बांधतात ते पाहायला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या गटप्रमुखाबरोबर दोन दिवस फिरलो. पाचटाने हात कापू नयेत म्हणून शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून तो सरीत शिरला. सोबत टेप आणि खिशात रसाचा गोडवा मोजणारा ब्रिक्समीटर. बांधापासून वीस-पंचवीस पावलं आत गेल्यावर त्याने सरीच्या कडेने दहा फूट मोजले आणि गाळपालायक ऊस मोजायला सुरुवात केली. चाळीस भरले. सरी साडेचार फुटांची, म्हणजे एकरात सरीची लांबी ९,६८० फूट. दहा फुटांत चाळीस, तर एकरात ३८ हजार ७००. एका उसाचं वजन दोन किलो धरलं तर एकरी ७७ टन, अडीच किलो धरलं तर ९७. ‘चाळीस हजार ऊस, अडीच किलो, शंभर टन’ हे गणित आपल्याकडे ऊस उत्पादकाला तोंडपाठ असतं, ते असं येतं.

मग त्याने एक ऊस बुडख्याशी आणि शेंड्याशी टोचून रसाचा एकेक थेंब काचेवर घेतला आणि उन्हाकडे धरून पाहिला. बुडख्याला २१, शेंड्याला १७. दोन्ही आकडे जितके जवळ येतील तितका ऊस पक्व. हा आणखी महिनाभर थांबायला हवा होता.

सरीतून बाहेर येताना त्याने एक गोष्ट कबूल केली. मोजायला बसलं की दहा फुटांच्या टोकाशी असलेलं बेट आत धरायचा मोह होतो. शेतकरी बांधावर उभा असतो, त्यालाही आकडा मोठा हवा असतो. एक-दोन ऊस जास्त धरले तर काय बिघडतं? दहा फुटांत दोन ऊस म्हणजे पाच टक्के.

हा मोह फार जुना आहे, आणि त्याला शास्त्रात जागा मिळवून देणारा माणूस आपल्या मातीतलाच आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते परतले तेव्हा पिकाचा अंदाज आणेवारीने बांधला जायचा : गावकामगार शिवारावर नजर टाकून पीक बारा आणे की दहा आणे ते सांगायचा. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात तशीच जागा निवडायची, तेवढा तुकडा कापून तोलायचा. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला. महालनोबिसांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान तितकी कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं. गटप्रमुख सांगत होता ते हेच. म्हणजे यंत्राच्या कितीतरी आधी आपल्याकडे चुकांचा अभ्यास झाला होता : चूक होते किती, कोणत्या बाजूला होते आणि का होते.

पाला दिसतो, ऊस दिसत नाही

आता वरून पाहू. युरोपच्या सेंटिनेल-२ या जोडउपग्रहांपैकी एक दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जातो आणि दहा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत जमिनीचं चित्र देतो. एका एकरात असे चाळीस चौकोन बसतात. हिरवं, तजेलदार पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून पिकाची हिरवाई आकड्यात मांडता येते. आडसाली कोणता, खोडवा कोणता, तुटलेलं रान कोणतं हे वर्षभराच्या चित्रांची माळ लावली की बरंच उलगडतं. क्षेत्र मोजायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. साखर उद्योगाच्या संघटनाही क्षेत्रासाठी उपग्रहाची चित्रं घेतात.

तरीही वर सांगितलेले अंदाज चुकले, कारण उपग्रहाला पाला दिसतो, ऊस दिसत नाही. ऊस एकदा कमरेच्या वर गेला आणि सऱ्या झाकल्या की हिरवाईचा आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकतो. एकरी चाळीस टनांचं रान आणि ऐंशी टनांचं रान वरून सारखंच हिरवं. वजन कांड्यात असतं, साखरही कांड्यातच. त्यातून पावसाळ्याचे तीन महिने, ऊस सगळ्यात जोमाने वाढतो तेव्हाच, वर ढग असतात. ढगांतून आरपार पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांची चित्रं वाचायला वेगळं कौशल्य लागतं.

म्हणजे वरून क्षेत्र मिळतं, खालून दहा फुटांतले ऊस मिळतात. यांची सांगड घालायची तर तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे कारखान्याचा स्वतःचा इतिहास. प्रत्येक कारखान्याकडे वीस-पंचवीस वर्षांचं दप्तर पडून असतं : कोणत्या गटात कोणती जात, लागण कधीची, तोड कधी झाली, वजन किती भरलं, त्या दिवशी उतारा काय होता. आपल्याला ठाऊकच नव्हतं असं काहीतरी त्यातून शोधून काढायचं, यालाच डेटा मायनिंग म्हणतात. १९९३ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या कामाने या शाखेला जोर आणला, ते दुकानांच्या बिलांवरचं होतं : कोणता माल कोणत्या मालासोबत उचलला जातो. आपल्या कारखान्यांची बिलं तर शेत, जात, तारीख आणि वजन एका ओळीत सांगतात. खाण घरातच आहे.

खोडलेला रकाना

गटप्रमुखाच्या त्याच कारखान्यात एक तरुण मुलगी हे दप्तर संगणकात चढवण्याचं काम पाहत होती. संख्याशास्त्र शिकलेली, ऊसवाल्याच्या घरातली. तिने रचलेल्या पद्धतीला यंत्रशिक्षणाच्या भाषेत रँडम फॉरेस्ट म्हणतात. ती समजायला अवघड नाही. निर्णयाचं एक झाड कल्पा. पहिल्या फांदीवर प्रश्न : लागण की खोडवा? पुढे : जात को ८६०३२ की फुले २६५? लागण आडसाली की सुरू? ऑगस्टात पाऊस किती दिवस खंडला? उत्तरं देत देत आपण शेवटच्या पानाशी पोहोचतो. तिथे अशाच सगळ्या जुन्या शेतांचं सरासरी वजन लिहिलेलं असतं. एक झाड चुकेल, म्हणून दप्तराचे वेगवेगळे तुकडे दाखवून शेकडो झाडं वाढवायची आणि सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची.

खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. यंत्र ‘शिकतं’ म्हणजे काय करतं? अंदाज करतं, प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहतं, चूक मोजतं आणि ती सगळ्यात कमी होईल असा पुढच्या फांदीवरचा प्रश्न निवडतं. असं हजारो वेळा. शिवाय परीक्षा त्याने न पाहिलेल्या वर्षावर घ्यायची असते : २०२१ पर्यंतचं दप्तर दाखवायचं आणि २०२२ चं झाकून ठेवायचं. पाहिलेल्या प्रश्नपत्रिकेत पहिला नंबर आला तर त्याला काही किंमत नाही.

आता त्या मुलीने मला जुन्या वह्या उघडून दाखवल्या. प्रत्येक पानावर एक रकाना होता, ‘अंदाजे टनेज’. त्यात पेन्सिलीने आकडा लिहायचा आणि ऊस तुटून वजन झालं की तो खोडून शाईने खरं वजन भरायचं, अशी तिथली वर्षानुवर्षांची रीत. वही स्वच्छ दिसायची. पण पंचवीस वर्षांचे सगळे अंदाज पुसले गेले होते. कोणत्या गटात आपण नेहमी जास्त धरतो, कोणत्या जातीला कमी धरतो, दुष्काळी साली किती घाबरतो आणि ओल्या साली किती हुरळतो, यातलं काहीही सांगायला एक ओळ उरली नव्हती. तिच्या यंत्राला शेतं शिकता आली. माणसांचा अंदाज कुठे आणि कसा घसरतो ते शिकता येईना.

याशिवाय नोंदींतच खोट होती. एकाच उसाची दोन कारखान्यांकडे दुबार नोंद. पाऊण एकराचा एक एकर केलेला. तोड लवकर यावी म्हणून लागणीची तारीख मागे ढकललेली. मोबाइल घेऊन बांधाबांधाने चालत क्षेत्र पुन्हा मोजायला शेती विभागाच्या माणसांना एक अख्खा पावसाळा लागला. या कामाचा फोटो कुठेच छापून येत नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्तेतलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते चिखलात होतं.

नंबर कुणाचा

अंदाजाच्या पुढची पायरी म्हणजे निर्णय : कोणतं रान आधी तोडायचं. आजवर लागणीची तारीख हा मुख्य निकष, आणि बरोबर वशिला. पिकलेला ऊस उभा राहिला की साखर घटते, कच्चा तोडला तर भरतच नाही, आणि तोडून पडला तर रसातल्या साखरेची फोड होऊ लागते. रान, जात, वय, हवा आणि ब्रिक्स एकत्र मांडून यंत्र तोडणीचा क्रम सुचवू शकतं. याची किंमत हिशेबात मांडू. साडेसात लाख टन उसाचा उतारा ०.१ टक्का वाढला तर ७५० टन साखर जास्त निघते. क्विंटलला ३,१०० रुपये हा सरकारने २०१९ मध्ये ठरवलेला किमान दर धरला तरी सव्वादोन कोटींच्या वर. शेतकऱ्याचाही यात वाटा आहे : २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरला आणि पुढच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त.

पण या क्रमात दोन माणसं हरवू शकतात, आणि मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

पहिला, दहा-पंधरा गुंठेवाला. यंत्राला फक्त साखर आणि डिझेल मोजायला सांगितलं तर ते सलग मोठी रानं आधी काढेल आणि आडवळणाचा तुकडा शेवटी ठेवेल. वशिल्याने मागे पडलेल्या माणसाला निदान भांडायला समोर चेहरा होता. संगणकाने मागे टाकलं तर तो कुणाशी भांडणार? म्हणून प्रत्येक नंबराचं कारण शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, एका ओळीत कळलंच पाहिजे, आणि ते खोडून काढायची सोयही पाहिजे.

दुसरा, कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीडहून, अहिल्यानगरच्या दुष्काळी भागातून सहा महिन्यांसाठी आलेली, उचलीत बांधलेली. रान पिकलं तसं तोडायचं तर टोळीला आज या गावात, चार दिवसांनी तिसऱ्या गावात खोपी हलवावी लागते. बैलगाडीच्या टोळीला तर ते झेपतच नाही. हलण्यातला दिवस बिनमजुरीचा, पोरांच्या शाळेचे हाल वेगळे. कारखान्याच्या दप्तरात उसाच्या प्रत्येक जातीला रकाना आहे, या जोडीच्या वाया गेलेल्या दिवसाला नाही. जे मोजलं जात नाही त्याची किंमत यंत्र शून्य धरतं. तो रकाना आधी आखायला हवा, मग कार्यक्रम.

बारामतीला कृषी विकास प्रतिष्ठानने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने सुमारे एक हजार ऊस उत्पादकांबरोबर जो प्रयोग केला, त्यात जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाचं चित्र यांवरून पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. तिथे निर्णय शेतकऱ्याचा आहे आणि चुकला तर त्याला तो लगेच दिसतो. राज्य सरकारनेही जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली, ५०० कोटींची तरतूद केली. हे सगळं हवंच आहे. पण कारखान्याचा निर्णय हा एकाने घ्यायचा आणि हजारांनी भोगायचा निर्णय असतो. म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक कारखान्याने आणि सरकारनेही ऑक्टोबरातला अंदाज ‘इतका ते इतका’ असा दोन टोकांसह जाहीर करावा, आणि हंगाम संपल्यावर त्याच तक्त्यात खरा आकडा शेजारी लिहावा. सर्वसाधारण सभेच्या अहवालात ताळेबंदाबरोबर हे एक पान असावं. अंदाज चुकला म्हणून कुणाला धारेवर धरू नये. चुकलेला अंदाज पुसला तर मात्र जरूर धरावं, कारण काकांचा ऊस मेपर्यंत उभा का राहिला, हे सांगू शकेल असा कागद मला शोधूनही सापडला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी गटप्रमुख मला पुन्हा एका रानात घेऊन गेला. टोळी आत शिरायच्या आधी चिटबॉयने मोबाइलवर दोन आकडे भरले : त्याचा स्वतःचा अंदाज ४१ टन, यंत्राचा ३७. संध्याकाळी उशिरा शेवटच्या गाडीची काट्यावरची पावती आली. बेरीज ३८ टन ४०० किलो. चिटबॉय बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. “मी दर वेळी एवढंच जादा धरतो काय?” असं त्याने त्या मुलीला विचारलं. तिने त्याच्या नावापुढच्या सगळ्या ओळी वर सरकवल्या आणि दोघं खाली मान घालून वाचायला लागले. पहिले दोन्ही आकडे जिथल्या तिथे होते. तिसरा त्यांच्या शेजारी लिहिला गेला होता.